इझरलोनची खिंड

हा गोल ६० किलोमीटर व्यासाचा आहे. आत सैनिक आणि त्यांची बायकापोरं मिळून ५० लाखांची वस्ती, २०,००० जहाजं मावतील एवढी गोदी आणि एका फटक्यात जहाजांच्या रांगाच्या रांगा वितळवणारी तोफ, 'थोर हॅमर'. किल्ल्याचं नाव इझरलोन. जपानी लेखक योशिकी तानाका यांच्या 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' या १९८२ साली सुरू झालेल्या कादंबरीमालेतला.

पण अंतराळ तर चहूबाजूंनी मोकळं. तिथं आरमाराऐवजी किल्ला बांधून अडवणार कुणाला? शत्रू वळसा घालून निघून जाईल. म्हणून तानाका आधी भूगोल रचतात. साम्राज्य आणि लोकशाही आघाडी यांच्यामधला पट्टा जहाजांना ओलांडता येत नाही. जायला दोनच खिंडी. एकीत इझरलोन, दुसरीत फेझानचे व्यापारी. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या मालिकेतलं स्थानकही असंच वर्महोलच्या, म्हणजे अवकाशातल्या बोगद्याच्या, तोंडाशी बसवलंय. खिंड आधी, तोफ नंतर.

खिंड नसेल, तर गणित किल्ल्याच्या मुळावर उठतं. कक्षेतला किल्ला तसा स्थिर नसतोच. ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. पण कक्षा ठरलेली असली, की किल्ला उद्या दुपारी कुठं असेल हे शत्रू आजच काढू शकतो. सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं आदळणाऱ्या एक किलो दगडात साधारण एक किलो टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते. वेग दहापट, तर ऊर्जा शंभरपट. मग तोफा कशाला? लांबून दगड सोडायचे. आघाडीचा सेनापती यांग वेन-ली नेमकं तेच करतो. हायनेसेन ग्रहाभोवती १२ लढाऊ उपग्रहांचं कडं असतं. यांग बर्फाचे १२ प्रचंड गोळे प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन त्यांच्यावर सोडतो. कडं खलास.

आरमाराचंही सगळंच सोपं नाही. जहाजाला इंधन बरोबर वाहावं लागतं, चिलखत वाढवलं की चपळाई जाते. शिवाय तोफांची उष्णता निर्वातात नुसत्या प्रारणानं टाकायची, म्हणजे उष्णता फेकणारे मोठाले पातळ पत्रे पसरायचे, आणि ते पहिल्या माऱ्यातच फाटणार. चंद्रावरच्या तोफेखाली निदान उष्णता मुरवायला अख्खा खडक असतो.

खऱ्या इतिहासात मासला एकच, आणि तो जरा गमतीचा. १९७४ साली सोडलेल्या सोव्हिएत 'सल्यूत-३' स्थानकावर विमानातली तोफ बसवली होती. ती स्थानकाच्या अंगालाच जखडलेली. नेम धरायचा तर सुमारे १८ टनांचं अख्खं स्थानक वळवायचं! जानेवारी १९७५ मध्ये ती झाडली, तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं.

इझरलोनवर आघाडीचे सहा हल्ले फसले होते. सातव्या वेळी यांग निघाला तो जेमतेम अर्धं आरमार घेऊन. किल्ल्याबाहेरचं साम्राज्याचं आरमार त्यानं हूल देऊन लांब नेलं. दरम्यान शत्रूच्याच गणवेशातली मोजकी माणसं, तातडीची खबर आणल्याचं सांगत, दरवाजातून आत शिरली. ही सगळी साम्राज्यातून पळून आलेल्यांची पोरं, त्यामुळे भाषेनंही दगा दिला नाही. थेट नियंत्रण कक्षात जाऊन त्यांनी किल्लेदारालाच धरलं. साम्राज्याचं आरमार परतलं, तेव्हा थोर हॅमर त्याच्यावरच रोखलेली होती.

पुढे साम्राज्यानं इझरलोनवर मोठा हल्ला चढवल्याचा देखावा केला आणि मुख्य सैन्य फेझानच्या खिंडीतून घुसवलं. तोफ शाबूत, तट शाबूत, पण राखायला काही उरलं नाही. यांगनं मोह धरला नाही. लाखो माणसं जहाजांत भरली आणि किल्ला सोडून दिला. जाताना मात्र संगणकात एक सांकेतिक वाक्य पेरून ठेवलं. नंतर त्याच वाक्यानं थोर हॅमर मुकी केली, आणि यांगच्या माणसांनी इझरलोन पुन्हा ताब्यात घेतला.