कावळ्याचं घर पडत नाही

(पहाट. एसटीची काच, बाहेर धुकं. थोडा वेळ फक्त गाडीचा आवाज.)

त्र्यंबक मागे पडलं की तोरंगणचा घाट. घाट ओलांडला की मोखाडा, आणि पुढे जव्हार. नाशिकहून सुटलेल्या या एसटीत खिडकीशी बसलेल्या बाईंच्या मांडीवर एक कापडी पिशवी आहे. तिच्यात सुतळीचा गुंडा, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक पेन्सिल आणि अजून छापायची असलेली एक गोष्ट. छापून झालेली पुस्तकं सीटखालच्या दुसऱ्या पिशवीत आहेत. ती पिशवी जड आहे, पण ती त्या कुणालाही उचलू देत नाहीत.

बाई मुलांसाठी लिहितात. तीस वर्षं होऊन गेली. त्यांचं नाव या चित्रफितीत येणार नाही, ही त्यांचीच अट. पाड्यांवरची मुलं त्यांना आजी म्हणतात. आम्हीही आजीच म्हणणार आहोत.

(पिवळी पडलेली भातखाचरं. बांधावरून चालणाऱ्या आजी, पाठमोऱ्या.)

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. भात कापणीला आलंय, उतारावर नागली उभी आहे. गाडीरस्ता संपतो तिथून शाळा पाऊण तासाच्या चालीवर. आजी सावकाश चालतात, पण थांबत नाहीत. वाटेत एक ओढा लागतो. चपला हातात घेऊन त्या तो पार करतात. पलीकडे निळ्या गणवेशातली दोन मुलं केव्हाची उभी आहेत.

जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन गुरुजी, पहिली ते चौथी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मुलं आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, काही कातकरी. घरात बोली वेगळी आणि पुस्तकात मराठी वेगळी, आणि या दोन्हींच्या मधली वाट ही मुलं रोज सकाळी तुडवतात.

(परिपाठ. अंगणात रांगा.)

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि मग बोधकथा. बोधकथा चौथीतली एक मुलगी वाचते, एका दमात. शेवटी ती "तात्पर्य" असं म्हणते, आणि सगळ्या रांगा एका सुरात पुढचं वाक्य म्हणतात. मुलांचे डोळे पाहा. वाक्य तोंडात आहे, आणि नजर कौलांवरच्या खारीवर.

आजी तात्पर्य विचारत नाहीत. कधीच नाही. गोष्ट सांगून झाली की त्या गप्प बसतात. कुणी काही बोललं तर ऐकतात, नाही बोललं तरी त्यांचं काही अडत नाही. गोष्ट मुलाला द्यायची आणि तिच्या बदल्यात काही मागायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी स्वतःला घालून घेतलाय. म्हणून तर त्या १५ ऑक्टोबरला शाळेत जात नाहीत. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांत फोटो असतो, हार असतो, भाषणं असतात. आजी त्याच्या आधी जातात किंवा नंतर, साध्या दिवशी.

(कपाटाच्या कडीवरचं कुलूप, जवळून. किल्ली फिरते.)

शाळेत पोचल्यावर त्या पहिली मागतात ती किल्ली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत. पुस्तकं येतातही. पण पुस्तक फाटलं, हरवलं तर नोंदवहीत काय लिहायचं ही धास्ती गुरुजींना असते, आणि ती खोटी नाही. मग पुस्तकं कपाटात राहतात, कोरी आणि सुरक्षित. हे दृश्य आम्ही एकाच शाळेत टिपलं. पण आजींना ते तीस वर्षांच्या फिरण्यात फार वेळा दिसलंय.

आता पिशवीतली सुतळी बाहेर येते. खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत, मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्याहून वर नाही, कारण हात पोचला पाहिजे. एकेक पुस्तक मधोमध उघडून सुतळीवर पालथं टाकायचं आणि चिमटा लावायचा. चित्र बाहेरच्या बाजूला. चिमटे पहिलीची मुलं लावतात, सुतळी चौथीची मुलं ताणून धरतात. वीस मिनिटांत भिंतीभर पुस्तकं. आजी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. वाचा असंही म्हणत नाहीत. त्या बाहेर जाऊन पाणी पितात.

(इथे निवेदन नाही. खोलीत फक्त मुलं. एक मुलगी पुस्तकाचा वास घेते. पंधरा सेकंद.)

ही वाट आजींनी पाडलेली नाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

भावनगरला १९२० साली वकिली बाजूला ठेवून एका माणसाने बालमंदिर सुरू केलं. ते गिजुभाई बधेका. मुलांना गोष्ट सांगणं हे शिक्षणाच्या अगदी गाभ्याचं काम आहे असं ते मानत. मुलांच्या मागे ते इतके असत की गुजरातेत त्यांना लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणू लागले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे १९५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. आज आपण जिथे उभे आहोत, त्याच पालघर जिल्ह्यात. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असं त्या दोघींनी ठरवलं, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा.

दुसरा धागा साने गुरुजींचा. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला उभी केली आणि गोष्टी सांगणारी माणसं शाळाशाळांतून जाऊ लागली. आजी चौथीत असताना त्यांच्या शाळेत असंच कुणीतरी आलं होतं. त्या माणसाचं नाव त्यांना आठवत नाही. गोष्ट आठवते. अजून सांगतात.

(वर्ग. मुलं जमिनीवर रांगांत. आजी खुर्ची बाजूला सारून खाली बसतात.)

आता आम्ही ज्यासाठी आलो ते.

आजी नवी गोष्ट आधी छापत नाहीत. आधी शाळांत सांगतात. कागद मांडीवर, पेन्सिल कानामागे. जिथे मुलं चुळबुळ करतात तिथे समासात एक टिंब. जिथे कुणी शेजाऱ्याला कोपर मारून "बघ, बघ" करतं, तिथे छोटी रेघ. तीनचार शाळा झाल्या की टिंबांची वाक्यं उडतात. त्यांचं एक हस्तलिखित आम्ही पाहिलं. अकरा पानांची गोष्ट साडेचार पानांवर आली होती.

यावेळी मात्र त्या नवी गोष्ट सांगणार नव्हत्या. पहिलीची मुलं बुजली होती, म्हणून त्यांनी सगळ्यात जुनी गोष्ट काढली. एक होती चिमणी, एक होता कावळा. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. एकदा काय झालं, खूप मोठा पाऊस आला आणि कावळ्याचं घर गेलं वाहून.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या या मुलाने मान हलवली. पाहा.

(मुलाचा चेहरा. तो वारलीत बोलतो. खाली मराठी अक्षरं.)

"नाही वाहून जात. आमचं नाही गेलं."

आजींनी विचारलं, "तुमचं घर शेणाचं आहे का रे?" तो म्हणाला, "सगळ्यांचंच आहे." मागून एक मुलगी बोलली, की मेणाचंच घर राहायचं नाही. मोहळाचं मेण नुसतं हातात धरलं तरी मऊ होतं, चैतात ते कसं टिकेल?

आजींनी कानामागची पेन्सिल काढली. पण त्यांच्या मांडीवर कागदच नव्हता. ही गोष्ट कधी कागदावरून सांगावी लागलेली नाही, त्यांनाच काय, मराठी घरातल्या कुणालाही. पिढ्यान् पिढ्या आपण ती सांगत आलो, आणि पिढ्यान् पिढ्या शेणाचं घर वाहून जात राहिलं.

(एक घर. बाई भिंत सारवते आहे. हात, जवळून.)

त्या दुपारी मुलं आम्हाला त्या मुलाच्या घरी घेऊन गेली. पावसाळा संपलाय, दिवाळी तोंडावर आलीय, त्यामुळे पाड्यावर सारवणं चालू आहे. ही कुडाची भिंत. कारवीच्या सरळ काठ्या एकीला एक लावून उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणामातीचा लेप द्यायचा. हात कोपरापासून फिरतो, मनगटापासून नाही. लेप वाळायच्या आत दुसरा फेर. एक बोटभर जागा सुटत नाही. पावसाआधी भिंतीला बाहेरून पेंढा आणि पानं बांधतात, छप्पर खाली ओढलेलं असतं, त्यामुळे झड आत येत नाही. आत हवा थंड. जूनचा, जुलैचा इथला पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला या भिंतीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट याच भिंतीची. जगभर गेलेली वारली चित्रं शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या अशाच भिंतींवर, तांदळाच्या पिठाने काढली जात. डहाणूकडच्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना ज्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, त्या कलेची पाटी ही भिंत आहे.

आजी भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. ते दृश्य आम्ही कापलेलं नाही.

(रात्र. दिवा, वही.)

त्या रात्री जव्हारच्या मुक्कामावर त्या लिहायला बसल्या. पहिल्या खर्ड्यात उन्हाळा येतो, मेणाचं घर वितळतं आणि कावळा हसतो. "कावळा हसला" ही ओळ त्यांनी लगेच काटली. हसण्याने नुसती अदलाबदल होते, म्हणाल्या, आज चिमणी रडेल एवढंच. दुसऱ्या खर्ड्यात कावळ्याच्या घराची भिंत आली, कारवी आली, सारवणाऱ्या आईचा हात आला. दुसऱ्या शाळेत सांगितल्यावर उन्हाच्या वर्णनापाशी चार टिंबं पडली. ते वर्णन गेलं. कावळ्याच्या घराबाहेर बांधलेल्या पेंढ्यापाशी रेघ आली. ती ओळ तिथल्याच एका मुलीने पुरवली होती, आणि तिच्या शब्दांतच ती ठेवली आहे. तिसऱ्या शाळेत आजी शेवटापाशी थांबल्या. शेवट त्यांच्याकडे नव्हताच. "मग पुढे?" मुलांनी विचारलं. "मलाही नाही ठाऊक," त्या म्हणाल्या. आम्ही पाच दिवस सोबत होतो. त्यांना इतकं खूश आम्ही फक्त त्या वेळी पाहिलं.

दिवाळी झाली की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि मुलंही सोबत जातात. वर्ग रोडावतात. पट घसरला की शाळेवरच प्रश्नचिन्ह लागतं. ते दिवस या चित्रफितीत नाहीत. आमचं चित्रीकरण दिवाळीआधी संपलं.

(पाचवा दिवस. पुन्हा पहिली शाळा. सुतळी अजून बांधलेली आहे. काही चिमटे रिकामे.)

रिकामे चिमटे मोजा, नऊ आहेत. नऊ पुस्तकं घरी गेली आहेत. एका पुस्तकाचं पान फाटलं होतं, ते गुरुजींनी स्वतः खळीने चिकटवलंय. नोंदवहीत काही लिहिलेलं नाही. कपाट उघडं आहे, आणि कुलूप खिडकीत, खडूंच्या डब्याशेजारी.

आजींनी आज गोष्ट सांगितली नाही. त्या मुलांच्या रांगेत जाऊन बसल्या, भिंतीला टेकून. आणि दुसऱ्या रांगेतला तो मुलगा उठून पुढे आला.

(इथून निवेदन नाही. मुलाचा आवाज पूर्ण ऐकू द्यायचा. खाली मराठी अक्षरं.)

"एक होता कावळा. त्याचं घर शेणाचं. आईने सारवलेलं. एक होती चिमणी. तिचं घर मेणाचं. पाऊस आला. खूप आला. कावळ्याचं घर नाही गेलं. मग ऊन आलं. चिमणीचं घर पातळ झालं, खाली आलं. चिमणी आली कावळ्याकडे. म्हणाली, कावळेदादा, कावळेदादा, दार उघड. कावळा आतून म्हणाला, उघडंच आहे की."