कॅपची आतली बाजू
(नाशिकमधील दंतवैद्य आणि डेंटल लॅबमधील तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

लॅबमधून दाताची कॅप आली की आपण आधी रंग बघतो, मग कडा, मग चावा. आतून फारसं कुणी बघत नाही. आज मला तिथलंच बोलायचं आहे.

माझ्याकडची एक प्रिंटेड रेझिनची, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर केलेली प्लास्टिकसारखी कॅप दोन महिन्यांत सुटली. आजोबा ती रुमालात बांधून घेऊन आले. उजेडात धरली तर आतून काचेसारखी गुळगुळीत, आणि सिमेंट सगळं दातावर शाबूत. दाताची बाजू धरून राहिली होती. कॅपला सिमेंट लागलंच नव्हतं. चूक माझी होती. बसवण्याआधी मी ती नुसती स्पिरिटने पुसली होती. तेव्हापासून सुटलेल्या प्रत्येक कॅपमध्ये सिमेंट कुठे राहिलं, ते मी आधी बघतो. तुम्हीही बघत जा.

असं का होतं? प्रिंट झालेली कॅप अल्कोहोलने धुऊन आपण पुन्हा प्रकाशात ठेवतो. हे पोस्ट-क्युअरिंग हवंच, मजबुती त्यानेच येते. पण नव्या सिमेंटशी जोडले जाणारे रेणूंमधले दुहेरी बंध त्यात बरेचसे खर्ची पडतात. मग नुसतं रसायन पुरत नाही, खरखरीतपणा द्यावा लागतो.

आपल्या भांडी बाजाराच्या गावाला हे नवं नाही. कल्हईवाल्याचा पोरगा पातेल्यात वाळू टाकून, आत उभा राहून पायाने गरगर फिरायचा. मग भांडं तापवून नवसागर, आणि त्यानंतर कथील. घासणं चुकवलं की कल्हई धरत नसे.

आपलं घासणं म्हणजे सँडब्लास्टिंग, हवेच्या दाबाने बारीक कण मारणं. आपली वाळू म्हणजे 50 मायक्रॉनचे ॲल्युमिनाचे कण. रेझिनसाठी दाब 1 ते 2 बार, अंतर साधारण 1 सेंटिमीटर, नोझल सतत हलतं. कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दाब वाढवला की पकड वाढते, असं समजू नका. रेझिन झिजतं, पातळ कड तर लगेच जाते. नंतर अल्ट्रासोनिकमध्ये धूळ काढा, तेल नसलेल्या हवेने वाळवा. मग रेझिनमध्ये मिसळलेल्या काचकणांसाठी सायलेन, म्हणजे काचेला सिमेंटशी जोडणारं द्रव, आणि त्यावर बाँड, म्हणजे चिकटवणारा पातळ थर.

प्रत्येक कॅपला हीच रीत लावू नका. लिथियम डायसिलिकेटला, म्हणजे काच असलेल्या सिरॅमिकला, 5% हायड्रोफ्लोरिक आम्ल 20 सेकंद चालतं. तेच आम्ल प्रिंटेड रेझिनवर लावलं तर ते रेझिनमधले काचकण खातं आणि पृष्ठभाग कच्चा होतो. झिर्कोनिया हेही सिरॅमिकच, पण त्यात काच नाही, म्हणून तिथे नुसतं सायलेन वाया. त्याला एमडीपी, म्हणजे झिर्कोनियाला धरणारा फॉस्फेटयुक्त रेणू, असलेला प्रायमर हवा.

ट्राय-इनमध्ये, म्हणजे कॅप तोंडात बसवून बघताना, लाळ लागते, हे तर आपण फारच हलकं घेतो. लाळेतलं फॉस्फेट झिर्कोनियावर जाऊन बसतं आणि एमडीपीची जागा अडवतं. ते काढायला फॉस्फोरिक आम्ल वापरणारे पुष्कळ आहेत. अहो, त्यातही फॉस्फेटच! ट्राय-इननंतर पुन्हा हलकं सँडब्लास्टिंग करा, किंवा त्यासाठीची क्लीनिंग पेस्ट वापरा.

लॅबवाल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नुसत्या पांढऱ्या रंगावरून आम्हाला मटेरियल ओळखता येत नाही. चिठ्ठीवर रेझिनचं नाव लिहा, आतून सँडब्लास्ट केलं असेल तर तसं लिहा, आणि केलं नसेल तर तेही लिहा.