मायनसपासून सुरू होणारी गाणी

मंडळी, आज ज्या गाण्यांबद्दल बोलायचंय ती पहिल्यांदा ऐकली की डोकं गरगरतं. तुफान स्पीड, चिरके आवाज, मध्येच कोणीतरी ओरडतंय, एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध नाही. जपानमध्ये या प्रकाराला देम्पा साँग म्हणतात, आणि त्यातली कितीतरी गाणी ॲनिमेवेड्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या नादी लागलेल्या लोकांबद्दलच आहेत, म्हणजे ओताकूंबद्दल, त्यांच्या सवयींची, त्यांच्या खुळांची मजा घेणारी. पण लिहिणारे, गाणारे, ऐकणारे सगळे त्याच गोतावळ्यातले, आणि मला वाटतं म्हणूनच ही थट्टा बोचत नाही, उलट धीर देते.

कारण ओताकू असणं ही तिकडे मिरवायची गोष्ट नव्हतीच. १९८९ साली लहान मुलींचे खून करणारा एक माणूस पकडला गेला, त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या, त्यात ॲनिमेही होते, आणि मग काय, मीडियाने सगळ्या ॲनिमेवाल्यांना एकाच माळेचे मणी ठरवलं. पुढे कितीतरी वर्षं पोरं आपली आवड शाळेत, ऑफिसात लपवत राहिली.

आता २००७ ची 'लकी स्टार' घ्या, क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओची ॲनिमे सिरीज. नायिका कोनाता शाळकरी मुलगी आणि अट्टल ओताकू. टायटल साँगचे शब्द हाता आकीचे, संगीत कोसाकी सातोरूचं, आणि ते गाणं म्हणजे शाळेचा युनिफॉर्म, खाणं, काहीबाही असं सगळं एका दमात, खाली बेस गिटार नुसती धडधडतेय. सिंगल ओरिकॉन या जपानच्या विक्रीच्या चार्टवर दुसरी आली! पण मला त्याहून जास्त आवडतात सुरुवातीच्या एपिसोडांचे शेवट. पडद्यावर कराओकेच्या खोलीचा बंद दरवाजा, बस्स, दुसरं काही नाही, आणि आतून या मुली जुन्या सिरियलींची गाणी म्हणतायत ते ऐकू येतं. गाणं ओळखणारा प्रेक्षक तिकडे सोफ्यावर हसतो, कारण तोही मित्रांबरोबर अशाच खोलीत बसून हेच करतो. शिवाय कोनाता पार्टटाइम जॉब करते तो कॉसप्ले कॅफेत, म्हणजे जिथे ॲनिमेतल्या पात्रांचे वेष करून वाढतात तिथे, हारुही या दुसऱ्या एका ॲनिमेच्या नायिकेच्या वेषात, आणि दोघींचा आवाज एकाच हिरानो आयाचा. असे विनोद बाहेरच्याला समजावत बसलात तर मेलेच, आतल्याला मात्र एका सेकंदात कळतात.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठा वाटतो तो माएयामादा केनइची. 'ह्यादाइन' या नावाने हा निकोनिको व्हिडिओ साइटवर गेमच्या संगीतावर स्वतःचे शब्द टाकून गाणी अपलोड करायचा, मुलीचा आवाजही स्वतःचाच, पिच बदलून. २०११ मध्ये 'निचिजो' या ॲनिमेचं ओपनिंग त्याने असंच, मुलगा आणि मुलगी दोन्ही आवाजांत एकट्याने गायलं, आणि प्रेमात गोंधळलेली ती दोघं इतकी फास्ट भांडतात की श्वास कुठे घेतला असेल असं वाटतं.

त्यानेच २०१३ मध्ये देम्पागुमी या मुलींच्या ग्रुपसाठी 'डब्ल्यू डब्ल्यू डी' लिहिलं. या मुली अकिहाबारातल्या, म्हणजे तोक्योतल्या ओताकूंच्या अड्ड्यातल्या, डिअर स्टेजमधून आलेल्या, म्हणजे जिथे काम करणाऱ्या मुलीच ड्रिंक्स द्यायच्या आणि त्याच स्टेजवर चढून गायच्या. एकेक जण आपली गोष्ट सांगते, शाळेत झालेला छळ, घरात कोंडून घेतलेले दिवस, गेम हाच काय तो सोबती. शून्यापासून नाही, आम्ही मायनसपासून सुरुवात केलीय, असं त्या ठणकावून सांगतात, आणि खाली संगीत काय तर जत्रेसारखं उसळणारं! ते रडवं केलं असतं तर चार लोकांनी कीव केली असती, पण इथे आख्खा हॉल उड्या मारतो. ६ मे २०१४ ला याच मुली तोक्योच्या निप्पोन बुदोकान या मोठ्या, मानाच्या हॉलमध्ये उभ्या होत्या.

उड्या मारतो म्हणजे कसा ते बघा. गाण्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये नुसतं संगीत वाजतं तेव्हा पब्लिक एका सुरात ओरडतं, टायगर, फायर, सायबर, फायबर, डायव्हर, वायबर, जाजा! अर्थ शोधू नका. हातात लाइटच्या कांड्या, आणि हात कधी कुठे फिरवायचा हे ठरलेलं. आपल्याकडे आरतीचं कडवं निम्मे लोक पुटपुटतात पण 'जय देव जय देव' आलं की सगळ्यांचा आवाज चढतो, तसंच.

हल्ली कितीतरी कार्यक्रमांत या आरडाओरड्याला बंदी असते. संथ, भावुक गाण्यात कोणी ओरडलं तर शेजारच्याचा रसभंग होतो, तिथे बंदी मला पटते, कांडी लागून कोणाला इजा होत असेल तिथेही पटते. पण देम्पा गाण्यात ती जागा लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी सोडलेली असते, तो अर्धा भाग पब्लिकचाच आहे, त्यामुळे तिथे लोकांना गप्प बसवणं मला साफ नामंजूर आहे.