चिऱ्याची भोकं आणि झिओलाइटची भोकं

मंडळी, आत येताना दारालगतच्या उघड्या जांभ्या चिऱ्यावरून मी हात फिरवला. चिऱ्याला भोकं असतात हे फोंड्यात कुणाला सांगायला नको. पण त्यातलं एक भोक दुसऱ्यासारखं नसतं. मी ज्या पदार्थावर, झिओलाइटवर, आयुष्य घालवलं, त्याची भोकं मात्र एकाच मापाची असतात. त्याची सगळी करामत त्या मापात आहे.

क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं 1756 साली असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून झिओलाइट, ग्रीकमध्ये ‘उकळणारा दगड’. घाट चढून देशावर गेलात की काळ्या दगडाच्या खाणींत त्याचे देखणे स्फटिक सापडतात. पण उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग द्यायला, कारखान्यात लागतो तो बहुतेक माणसानं घडवलेला.

अशाच एका घडवलेल्या झिओलाइटचं, झेडएसएम-5चंच बघा. सिलिका, थोडं अ‍ॅल्युमिनियम, कॉस्टिक सोडा, पाणी आणि टेट्राप्रोपिल अमोनियमचा क्षार. ढवळलं की दह्यासारखं दाटतं. मग पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या घट्ट भांड्यात, बंद करून 170 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं. कमान बांधताना खालून लाकडी आधार देतात ना, तसे त्या क्षाराचे रेणू मध्ये राहतात आणि सिलिकेची जाळी त्यांच्याभोवती उभी राहते. शेवटी 550 अंशांवर आधार जाळून टाकायचा. उरते ती पोकळी.

हे सोपं नाही. उमेदवारीच्या काळात माझ्याकडून एकदा कॉस्टिक जास्त पडलं, वर ऑटोक्लेव्ह चार दिवस जादा तापत राहिला. स्फटिक ओळखायच्या क्ष-किरणांच्या आलेखात 23-24 अंशांच्या कोनामधली झेडएसएम-5ची ओळखीची शिखरं खाली बसली होती आणि 26.6 अंशांवर एकच सुळका. क्वार्ट्‌झ! म्हणजे वाळू. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जाळीत सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलं की तिथे ऋण भार उरतो. तो भागवायला प्रोटॉन आणून ठेवला की ती जागा तीव्र आम्ल बनते, आणि हे आम्ल सांडत नाही, नळ गंजवत नाही. आता झायलिन हा कर्ब-हायड्रोजनचा द्रव घ्या. ऑर्थो, मेटा, पॅरा असे तीन भाऊ, अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. पॉलिएस्टरला हवा असतो पॅरा, पण मोकळ्यावर, अशा अरुंद वाटांशिवाय, मिश्रणात तो जेमतेम चौथा हिस्सा. झेडएसएम-5ची वाट सुमारे 0.55 नॅनोमीटर रुंद. पॅरा सडसडीत, तो सरळ निसटतो. बाकीचे दोघे आत अडखळतात, पुन्हा आम्लाच्या जागेशी येतात आणि पॅरा होऊन बाहेर पडतात. मला अजूनही याचं नवल वाटतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेला ‘एन्सिलाइट’ याच कुळातला. आपल्या देशात घडून तो झायलिनच्या कारखान्यात चालला, याचा मला अभिमान आहे.

चालता चालता या वाटा आत साचणाऱ्या कोळशानं बुजतात. ही काळी बाटली बघा, वापरून थकलेला नमुना. हवा सोडत 500 अंशांच्या वर कोळसा जपून जाळला. ही दुसरी पांढरी बाटली त्याच नमुन्याची. दोन्ही हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.