मोझेलच्या उभ्या उतारांवरील द्राक्षमळे

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नाशिकच्या बागायतदाराला अवकाळी पावसाचे आणि गारपिटीचे भय असते, पण उन्हाची वाण त्याला सहसा पडत नाही. जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात मात्र ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, द्राक्ष जेमतेम पिकेल अशा हवामानात, रोमन काळापासून वाइनसाठी द्राक्षे घेतली जातात. पीस्पोर्ट गावात १९८५ मध्ये द्राक्षांचा रस काढण्याची रोमन काळातील भली मोठी जागा सापडली.

तिथल्या शेतीची सारी मांडणी मिळेल तेवढी ऊब धरून ठेवण्यासाठी झालेली आहे. दक्षिणेकडे तोंड केलेल्या तीव्र उतारावर तिरपी किरणेही बऱ्यापैकी सरळ पडतात. काळसर पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती उष्णता वेलींना परत देतो. खालचे नदीचे पात्रही थंडीची धार थोडी बोथट करते. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट डोंगरावर हा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. जुन्या पद्धतीच्या मळ्यात तारांचे मांडव नसतात. प्रत्येक वेल स्वतंत्र लाकडी खांबाला बांधलेली असते आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधतात, त्यामुळे मजुराला वेलींमधून वर, खाली, आडवे असे कुठूनही जाता येते. पावसाने वाहून गेलेली दगडाची कपची पूर्वी टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेत असत.

या कष्टांचे चीज रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या जातीने केले. १७८७ मध्ये ट्रियरचे शासक आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी हलक्या प्रतीच्या वेली काढून चांगल्या जाती लावण्याचा आदेश दिला, आणि रीसलिंगचा मार्ग मोकळा झाला. ही जात उशिरा पिकते. मण्यांत पाणी उतरल्यावरही, म्हणजे ते पिकू लागल्यावरही, गार रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. म्हणूनच जेमतेम ८ टक्के मद्यार्क असलेली तिथली गोडसर वाइनही गोडमिट्ट लागत नाही. हा तोल उष्ण प्रदेशात साधणे फार अवघड आहे, आणि मोझेलचे खरे वैभव मला त्यातच दिसते.

दुर्दैवाने असे उतार ओस पडू लागले आहेत, कारण तिथे ट्रॅक्टर चालत नाही आणि हाताने करायच्या कामाची मजुरी विक्रीच्या दरातून निघतेच असे नाही. जी मशागत माणसाच्या पायांवरच उभी आहे, तिच्या मालाला सपाट शेतातल्या मालापेक्षा अधिक दर मिळालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवामानही बदलते आहे. उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात, वेलीवरच गोठलेल्या घडांपासून आइसवाइन करतात. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही प्रदेशात ती काढता आली नाही. उलट, पूर्वी अनेक वर्षी द्राक्ष नीट पिकतच नसे अशा जार या उपनदीच्या गारठलेल्या खोऱ्यात आता पीक बहुतेक वर्षी पक्व होते. पण हिवाळा सौम्य झाल्याने वेलीचे डोळे (कोंब) लवकर फुटतात, आणि कोवळ्या फुटव्यांवर उशिराचे गोठलेले दहिवर पडले तर ते जळून जातात. एप्रिल २०२४ मध्ये जार आणि मोझेलच्या मळ्यांत नेमके हेच घडले.