पाणथळे: ओल्या कातडीच्या माणसांविषयी

मंडळी, पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे राहणारी माणसं कल्पनेने उभी करायची म्हटली की बहुतेक लेखक बोटांपासून सुरुवात करतात. बोटांमध्ये पडदे, मानेवर कल्ले, अंगाला हिरवा रंग. आत मात्र तुमच्याआमच्यासारखाच माणूस. त्याला राजा असतो, तलवार असते, दरबार असतो. तो दरबार फक्त पाण्याखाली भरतो. मी गेली काही वर्षं असा एक वंश रचतो आहे. त्यांना मी पाणथळे म्हणतो. मीही आधी बोटांपासूनच निघालो होतो. बरीच पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं की ही माणसं पाण्यात भिजतात, पण पाणी त्यांच्या आत जात नाही. मग ती पानं बाजूला ठेवली आणि कातडीपासून पुन्हा सुरुवात केली. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या कातडीतून निघालेलं आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालची आणि मांड्यांच्या आतली पातळ कातडी तो ओल्या मातीला टेकवून बसतो आणि तिथून पाणी शोषून घेतो. त्याच कातडीतून प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर. त्यांच्या एका मोठ्या कुळाला तर फुप्फुसंच नाहीत. कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर, एवढ्यावर त्यांचं भागतं. पण ते प्राणी लहान असतात, आणि त्याला कारण आहे. अंगाची लांबी दुप्पट झाली की कातडी चौपट होते, पण वजन आठपट. प्रौढ माणसाची कातडी फार तर दोन चौरस मीटर भरते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. एवढ्या कातडीतून तेवढा मिळत नाही.

माणसाएवढा उभयचर मग जगेल कसा? निसर्गात याचं उत्तर आहे. चीनमधला महाकाय सॅलॅमँडर १.८ मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या दोन्ही कुशींना कातडीच्या झालरी असतात, म्हणजे लांबी न वाढवता कातडी वाढवलेली. तो थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि संथपणे वावरतो. थंड पाण्याला महत्त्व आहे, कारण त्यात प्राणवायू जास्त विरघळतो: शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम ७.५. म्हणून माझ्या पाणथळ्यांनाही कुशीपासून मांडीपर्यंत झालरी आहेत आणि जमिनीसाठी फुप्फुसं आहेत. गार डोहात ते तासन्‌तास तळाशी बसू शकतात. तेच पाणी उन्हाने तापलं की वर येऊन श्वास घ्यावा लागतो. आपण ‘घरात ऊब आहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला जे वाटतं, ते त्यांना ‘डोह गार आहे’ म्हणताना वाटतं.

समुद्र त्यांना वर्ज्य आहे. खारं पाणी अशा कातडीतून अंगातलं पाणी ओढून काढतं. खेकडे खाणारा एक आशियाई बेडूक रक्तात युरिया साठवून मचूळ पाण्यात तग धरतो, पण तो अपवाद. समुद्रातली राजधानी वगैरे आपण सोडून देऊ. ही नदीची, ओढ्याची, दलदलीची माणसं आहेत.

आता इथे थोडं थांबतो, कारण त्यांच्या समाजाचा पाया इथे आहे. तुमची कातडी पाणी पिते, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला जो राहतो त्याने पाण्यात जे काही सोडलं ते तुमच्या शरीरात येतं. त्याने औषधी पाला ठेचला, मेलेलं जनावर धुतलं, तो आजारी पडला, रागाने त्याच्या अंगातून विष पाझरलं (बऱ्याच उभयचरांच्या कातडीत विषग्रंथी असतातच), तरी ते तुमच्यापर्यंत पोचतं. तोंड मिटून घेता येतं. कातडी मिटता येत नाही. अशा लोकांमध्ये सत्ता कुणाची चालेल? उघड आहे, उगमाजवळ बसेल त्याची. मला फार दिवस तसंच वाटत होतं आणि माझ्या कथेत उगमावर एक गढीसुद्धा होती.

पुढे विचार करताना वाटलं की पिढ्यान्‌पिढ्या एकाच नदीत राहिलेल्या लोकांनी हा धोका ओळखला नसेल असं होणार नाही. त्यांनी उलटा नियम केला असेल. पाणथळ्यांमध्ये ज्यांना निवाडा करण्याचा अधिकार आहे ते वस्तीच्या सगळ्यात खालच्या टोकाला राहतात. सगळ्या वस्तीचं पाणी त्यांच्या अंगातून जातं. वर कुठे काही बिघडलं तर पहिला त्रास त्यांना होतो. अधिकार हवा असेल तर घर खाली हलवायचं, अशी त्यांची रीत आहे, आणि उगमाजवळची जागा ते मोकळी ठेवतात. एखाद्यावर विश्वास उरला नाही की ते म्हणतात, ‘त्याने घर वर नेलं.’ हा वाक्प्रचार सुचला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही माणसं खरी आहेत.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटल नाही. घशाचा तळ वरखाली करून तो हवा फुप्फुसांत ढकलतो. ओरडताना तोंड मिटलेलं असतं. हवा फुप्फुसांतून घशाखालच्या स्वरपिशवीत जाते आणि तिथून परत फुप्फुसांत येते. बाहेर काही सांडत नाही. म्हणून पाणथळ्यांच्या बोलीत ओठांनी घडणारे प, ब, म नाहीत. ताल आहे, चढउतार आहे, आणि श्वासासाठी वाक्य तोडावं लागत नाही. बेडूक जसे एकमेकांच्या आवाजातल्या फटी शोधून तिथे आपला आवाज घालतात, तशी यांची सभा चालते. एक बोलत असतानाच दुसरा त्याच्या फटींमध्ये उत्तर देत असतो. आपल्या कानांना तो कल्लोळ वाटेल. त्यांना मात्र एकट्याने बोलणारा माणूस केविलवाणा वाटतो.

डोळ्यांची गोष्ट जास्त अवघड होती. १९५९ मध्ये जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बेडकाचा डोळा मेंदूकडे दिसेल ते सगळं पाठवत नाही. आधीच निवड करतो: हलणारा लहान ठिपका, सरकणारी कड, अचानक पडलेली सावली. मेलेल्या, न हलणाऱ्या किड्या-माश्यांच्या ढिगात बेडूक उपाशी मरू शकतो. विचार करणाऱ्या वंशाला मी इतकं आंधळं ठेवलं नाही, पण कल तोच ठेवला. स्थिर गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते. त्यामुळे त्यांच्याकडे भिंतीवरची चित्रं नाहीत आणि कागदासारखं लेखनही नाही. नोंदी असतात त्या गाठींच्या दोऱ्यांत, आणि त्या प्रवाहात सोडलेल्या असतात. दोरा हलत असताना बोटांमधून सरकवत वाचायचा. अंधारात मात्र ते आपल्यापेक्षा सरस आहेत. बेडकाच्या डोळ्यात दंडपेशी, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी, दोन प्रकारच्या असतात, आपल्याकडे एकच. आपल्याला जिथे सगळं करडं दिसतं तिथे त्याला रंग कळतात. म्हणून त्यांचे रंगांचे उत्सव अमावास्येला.

थंडीत त्यांचं शरीर आणि विचार दोन्ही मंदावतात, म्हणून हिवाळ्यात दिलेला शब्द बंधनकारक नसतो. उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग थंडीत अक्षरशः गोठतो. त्याचं हृदय थांबतं, पेशींना रक्तातली साखर वाचवते, आणि बर्फ वितळल्यावर तो पुन्हा उड्या मारतो. उत्तरेकडच्या पाणथळ्यांमध्ये म्हणून वसंत ऋतू येईपर्यंत कुणालाही मृत म्हणत नाहीत.

आता बालपणाकडे येतो. या वंशात माझा जीव सगळ्यात जास्त इथेच गुंतला आहे.

मी काचेच्या बरणीत बेडूकमासे वाढवले आहेत. मागचे पाय सावकाश येतात, रोज थोडे थोडे दिसत जातात. पुढचे तसे येत नाहीत. ते कल्ल्यांवरच्या कातडीखाली आधीच तयार झालेले असतात, आणि एके सकाळी कोपर कातडी फोडून बाहेर आलेलं असतं. आधी एकाच बाजूचं. त्यानंतरचे काही दिवस तो काहीच खात नाही. शेवाळ खरवडणारी शिंगासारखी चोच गळून गेलेली असते आणि रुंद तोंड अजून पुरतं घडलेलं नसतं. वेटोळं घातलेलं लांब आतडं आखडून लहान होत असतं, कारण यापुढे पाल्याऐवजी किडे खायचे आहेत. शेपूट आतून विरघळत जाते आणि तेच त्याचं अन्न होतं. मी बरणीत एक तिरका दगड ठेवला होता. त्यावर तो अर्धा बाहेर, अर्धा पाण्यात बसायचा. दगड नसता तर ज्या पाण्यात जन्मला त्याच पाण्यात तो बुडून मेला असता.

हे सगळं एका ग्रंथीमुळे होतं. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ते वेळेआधीच, अगदी चिमुकल्या आकाराचे बेडूक झाले. थायरॉइड काढून टाकली तर बेडूकमासा बेडूकमासाच राहतो, फक्त मोठा होत जातो.

आणि या बदलात एक इंद्रियही जातं. बेडूकमाशाच्या डोक्यावर आणि कुशीवर सूक्ष्म संवेदकांच्या रांगा असतात. त्यांना पार्श्वरेषा म्हणतात. पाणी कुठे हललं, कुठून काय येतंय, हे त्याला अंगानेच कळतं. बहुतेक बेडकांमध्ये रूपांतरणाबरोबर ती नाहीशी होते. विचार करा, ज्या समाजाचं सगळं आयुष्य पाण्यावर अवलंबून आहे, त्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकेकाळी पाणी अंगाने वाचता येत होतं आणि आता येत नाही. येत होतं एवढंच आठवतं. त्यांच्या भाषेत प्रवाहाच्या स्पर्शाला अनेक शब्द आहेत, आणि ते वापरतात फक्त मुलं. मोठी माणसं ऐकतात. रोज पहाटे डोहावर येऊन ते मुलांना विचारतात, ‘पाणी कसं आहे?’ मुलाचं उत्तर तिथे अंतिम असतं.

विचारायला बहुधा बाप येतो. हजारो अंडी घालून निघून जाणाऱ्या प्राण्यात भाषा आणि शिक्षण कसं टिकणार? म्हणून अंडी थोडी आणि संगोपन दीर्घ, असं मला ठरवावं लागलं. उभयचरांमध्ये बापाने पिल्लं सांभाळण्याची उदाहरणं भरपूर आहेत. मिडवाइफ टोडचा नर अंड्यांच्या माळा मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो. दक्षिण अमेरिकेतल्या डार्विनच्या बेडकाचा नर बेडूकमासे स्वतःच्या स्वरपिशवीत वाढवतो. पाणथळ्यांमध्येही पिल्लं बापाच्या स्वरपिशवीत वाढतात, आणि तेवढे दिवस बाप मुका असतो. सभेत त्याची जागा रिकामी ठेवतात. बापासाठी त्यांचा जो शब्द आहे त्याला मराठीत मला ‘वाहणारा’ यापेक्षा चांगला शब्द सापडला नाही. ओझं वाहणारा, आणि पाण्यासारखा वाहणारा.

काही जण कधीच बदलत नाहीत. अ‍ॅक्सोलॉटल तुम्हाला माहीत असेल. मेक्सिकोतला हा उभयचर कल्ले आणि शेपटीसह प्रौढ होतो, त्याच रूपात अंडी घालतो आणि सहसा पाणी सोडत नाही. १८६५ मध्ये पॅरिसमध्ये ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडच्या अ‍ॅक्सोलॉटलांची काही पिल्लं जमिनीवरचे सॅलॅमँडर झाली, तेव्हा कुठे कळलं की हा मूळचा कोणाचा भाऊबंद. पाणथळ्यांमध्ये अशा न बदललेल्या माणसांना मी पाणाडे म्हणतो. त्यांच्याकडे प्रौढाचं मन आहे आणि मुलाची पार्श्वरेषाही. वस्तीच्या खालच्या टोकाला निवाडे करायला कोण राहतं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

शेवटी, सध्या जो भाग लिहितो आहे त्याविषयी. कायट्रिड नावाची एक बुरशी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती ओळखली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि ९० नामशेष झाल्या असाव्यात. तिचे बीजाणू पाण्यात पोहत येतात. ती कातडीतल्या केराटिनवर, म्हणजे आपल्या नखाकेसांत असतं त्या प्रथिनावर, वाढते, क्षारांचा तोल बिघडतो आणि हृदय बंद पडतं. बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन असतं ते फक्त तोंडापाशी, म्हणून लागण होऊनही तो सहसा मरत नाही. हसतखेळत वाढतो. कातडी बदलली, तो जमिनीवर आला, की मग मरतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या कथेत ही बुरशी नदीत आली आहे. पाणाड्यांना तिचा स्पर्श कळत नाही. इतकी बारीक गोष्ट पार्श्वरेषेला लागत नाही. गेल्या पावसाळ्यात बाहेर आलेली सगळी मुलं गेली. वस्तीत एकीला एक मुळी माहीत आहे, तिने थायरॉइडचं काम थांबतं. ती दिली तर मूल पाण्यातच राहील, जगेल, पण कधी बाहेर येणार नाही. एका बापाच्या मुलीचं डावं कोपर कातडीखाली दिसायला लागलं आहे. तो पहाटे मुळी हातात घेऊन डोहावर बसला आहे आणि रोजच्यासारखं विचारतो आहे, ‘पाणी कसं आहे?’ ती म्हणते, ‘गोड आहे. पण आज मला दगडावर बसायचंय.’