टॉवेलाखालचा भाव

खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते ना, तिथल्या खिलार बैलांच्या बाजारातलं हे दृश्य. घेणारा आणि विकणारा, दोघांचे हात एका टॉवेलाखाली. तोंडातनं अवाक्षर नाही, नुसती बोटं दाबायची, मान हलवायची, परत बोटं. शेजारी चहा पीत उभा असलेल्या पाव्हण्याला शेवटपर्यंत आकडा कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तर टॉवेल!

सौदा ठरला. आता बैल घेणारे मामा खिशातनं फोन काढतात, क्यूआर स्कॅन करून इसार पाठवतात. कुणाला दिले, किती दिले, किती वाजता दिले, सगळी नोंद झाली. टॉवेल खांद्यावर.

तसं पैशाच्या नोंदीचं मला एवढं वाटत नाही, ती बँकेत पूर्वीपण व्हायची. मला डाचतं ते वेगळंच.

माझंच सांगतो. मिरजेच्या एका मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरनं लोनचं अ‍ॅप टाकलं, आठ हजार पाहिजे होते बिचाऱ्याला. अ‍ॅपनं विचारलं, कॉन्टॅक्ट्स बघू का? ह्यानं घाईत 'अलाऊ' दाबलं. हप्ता चुकल्यावर पहिला फोन त्याच्या मेव्हण्याला, मग दूधवाल्याला, मग मला, आणि ती भाषा इथं ऐकवण्यासारखी नाही. मी कर्ज घेतलं नाही, कुठं सही केली नाही, तरी माझा नंबर नावासकट त्यांच्याकडं! नाव पण कसं, तर त्यानं जसं सेव्ह केलेलं तसं, 'पक्या उधारी'. म्हणजे माझी माहिती मी दिलीच नव्हती, ती दुसऱ्याच्या अंगठ्यानं गेली.

बरं, नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोनमधल्या फायली यांना हात लावायचा नाही. गूगलनं पण २०२३ च्या मे अखेरपासून प्ले स्टोअरवरच्या लोन अ‍ॅपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. पण लिंकवरनं टाकलेलं अ‍ॅप प्ले स्टोअरच्या दारातनं आत येतच नाही, ते मागच्या खिडकीतनं येतं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, दंड अडीचशे कोटींपर्यंत, नियम निघायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला वर अजून अठरा महिने. त्यातपण एक गंमत आहे, घरगुती वापरासाठी कुणी तुमचा नंबर ठेवला तर त्या माणसाला हा कायदा लागत नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर आत्याची फोनची डायरीपण बेकायदेशीर ठरली असती! पण मित्राच्या फोनमधला माझा नंबर शेवटी त्याच्या भरवशावरच राहतो.

सांगलीत विश्रामबागच्या एका दुकानात परवा दोनशे रुपयांचा शर्ट घेतला, काउंटरवरची पोरगी म्हणाली, "सर नंबर सांगा." मी म्हटलं, "नको, नंबराशिवाय बिल करा." ती गोंधळली, मालकाकडं बघितलं, मागची रांग कुरकुरली. शेवटी तिनं स्वतःचाच नंबर टाकला आणि बिल माझ्या हातात दिलं.